पाण्याखाली चालणारा झेंडू

ओहोटीने उघड्या पडलेल्या कातळातल्या एका खळग्यात, गुडघाभर नितळ पाण्याच्या तळाशी, झेंडूच्या केशरी पाकळ्यांचा एक लहानसा पुंजका डावीकडून उजवीकडे चालत गेला, मध्येच थांबला आणि पुन्हा डावीकडे आला.

ही घटना प्रथम आरोहीने पाहिली. ती सातवीत होती आणि तिला चष्मा नव्हता, ही दोन्ही तथ्ये साक्षीच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

"बाबा, फुलं चालतायत."

"वाऱ्यानं हलत असतील," ललित विधाते मान वर न करता म्हणाला. तो शेजारच्या खडकाला नाक लावून एका शिंपल्याचे भिंगातून निरीक्षण करत होता.

"पाण्याखाली वारा असतो?"

प्रश्न रास्त होता. ललितने नाक खडकापासून सोडवले आणि तो खळग्याकडे आला. पुंजका पुन्हा चालला. ललितने चष्मा पुसला. पुंजका तरीही चालला.

ललित नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. कोणत्याही विधानावर "पुरावा काय?" असे विचारण्याची त्याची सवय एवढी पक्की होती, की मखमलाबाद रस्त्यावरचे भाजीवाले त्याला मेथी ताजी आहे असे सांगायचे सोडून नुसतीच पिशवीत टाकत. त्याची आई सगुणाबाई अजूनही मळ्याच्या उरलेल्या तुकड्यावर झेंडू आणि शेवंती लावत असे व पहाटे फूलबाजारात नेऊन विकत असे. ललित नदी-स्वच्छता समितीचा सभासद असल्यामुळे गणपतीत घाटावर उभा राहून लोकांकडून निर्माल्य गोळा करी, आणि एरवी रविवारी बाह्या सरसावून गोदावरीतल्या पाणवेली उपसून काठावर टाकी. म्हणजे आई एका टोकाला फुले विकत होती आणि मुलगा दुसऱ्या टोकाला तीच पाण्यातून परत काढत होता. या व्यवस्थेबद्दल घरात वाद होत नसे, कारण दोघेही आपापल्या जागी पहाटेच निघून जात.

दिवाळीच्या सुट्टीत सगुणाबाईंसह चौघांनी कोकणात जाण्याचा बेत ठरला, तेव्हा इतर कुटुंबे ज्यासाठी जातात ती कारणे, म्हणजे सुरमई, केळ्याच्या आकाराची होडी आणि झोप, ललितने गौण ठरवली. सहलीचा हेतू त्याने "किनारी जीवसृष्टीचे निरीक्षण" असा जाहीर केला. त्यासाठी एक भिंग, एक पांढरा ट्रे, प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला चिमटा आणि भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक अशी सामग्री जमवली.

"अहो, आपण सुट्टीला चाललोय की तपासणीला?" साधनाने विचारले. ती बँकेत होती आणि तपासणी या शब्दाचे तिला वावडे होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे सावळीरामअण्णा सल्ला द्यायला वर आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जगातले सगळे पाणी कोणीतरी वरून सोडलेले असते या श्रद्धेतून अद्याप निवृत्त झाले नव्हते.

"भरती कोण सोडतं?" त्यांनी विचारले.

"चंद्र," ललित म्हणाला.

"कळवून सोडतो का?"

"वेळापत्रक असतं, अण्णा."

"वेळापत्रक आमचंही असायचं." अण्णांनी मान हलवली. "तिथं गेल्यावर आधी एखादी खूण धरा. आपल्याकडं नदीत दुतोंड्या मारुती आहे म्हणून पुराचं कळतं तरी, गुडघ्याला लागलं का कमरेला. समुद्राला मारुती आहे का?"

समुद्राला मारुती नव्हता. बाकी मात्र जे होते त्याने ललित पहिल्याच सकाळी थक्क झाला. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती आणि ती काढणारे नखाएवढे खेकडे वाळू चाखून, तिचे अन्न काढून घेऊन, उरलेली गोळी शिस्तीने मागे ठेवत होते. खडकावरच्या टोपीसारख्या शिंपल्याला चिमट्याने ढकलले, तर तो हलण्याऐवजी अधिकच घट्ट बसला. समुद्रफूल बोटाभोवती मिटले आणि बोट अन्न नाही असे ठरल्यावर सावकाश उघडले. या निर्णयाला लागलेला वेळ ललितला त्याच्या महाविद्यालयाच्या कार्यालयापेक्षा कमी वाटला. ज्याच्या शब्दसंग्रहात "समाधानकारक" ही सर्वोच्च पदवी होती, तो माणूस त्या सकाळी "कमाल आहे" असे पुन्हा पुन्हा म्हणाला. आरोहीने हे आईला सांगितले, तेव्हा साधनाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

चालणारी फुले दिसली ती दुसऱ्या दिवशी.

ललितने पेन्सिलीने पुंजक्याला हलकेच स्पर्श केला. पुंजका थिजला. बराच वेळ काही झाले नाही. मग पाकळ्यांच्या खालून एक सडपातळ पाय बाहेर आला, त्याने परिस्थितीचा अंदाज घेतला आणि तो पुन्हा आत गेला.

"खेकडा आहे," ललित म्हणाला आणि समाधानाने उठला. "संपला विषय."

"पण त्याला फुलं कोणी लावली?" आरोहीने विचारले.

विषय संपलेला नव्हता. पाकळ्या पाठीवर पडलेल्या नव्हत्या. एका बाजूने घट्ट बसवून दुसऱ्या बाजूने मोकळ्या सोडलेल्या होत्या, जशा मंडपाच्या कमानीवर लावतात तशा. ललितने चिमट्याने एक ओढून पाहिली. ती निघाली नाही. फुले आपण होऊन खेकड्याला चिकटत नाहीत. ती कोणीतरी चिकटवावी लागतात. चिकटवायला डिंक लागतो, आणि डिंक लावायला माणूस. इथपर्यंतचे तर्कशास्त्र ललितला निर्दोष वाटले, आणि पुढचे सगळे त्यातूनच घडले.

तोपर्यंत साधनाने चालत्या झेंडूची चित्रफीत काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकली होती. पलीकडून सल्ल्यांची सरबत्ती सुरू झाली. जीवनभाऊंनी लिहिले की तुळशीचे लग्न तोंडावर आलेले असताना हा योगायोग नाही. छायाताईंनी त्यावर हात जोडले आणि चुकून हसणाऱ्या तोंडाचे चिन्ह पाठवले, मग ते पुसले. कोणी कळवले की असला खेकडा घरात ठेवल्यास भरभराट होते. त्यावर दुसऱ्या कोणी तो रश्श्यात कसा लागतो, अशी चौकशी केली. सावळीरामअण्णांनी एवढेच विचारले, "पाणी कुठपर्यंत आहे?"

विधाते मंडळी ज्यांच्या घरी उतरली होती त्या सुलाबाई खळग्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"काय म्हणतात याला तुमच्याकडं?" ललितने विचारले.

"नाय वो भाऊ, याला नाव नाय. याच्यात मांस नाय ना काय. ज्याच्यात मांस नाय, त्याला कोण नाव ठेवील?"

नामकरणाची ही पद्धत ललितला वैज्ञानिक पद्धतीपेक्षा सोपी वाटली. पण सुलाबाईंनी घरी जाता जाता कुंपणावरून शेजारी ही बातमी दिली, आणि पाणी चढायच्या आत कातळावर माणसे जमली. एका बाईंनी काठावर नारळ ठेवला. एका गृहस्थांनी खेकड्याला आपल्या मुलाच्या नोकरीविषयी विचारले. गर्दीत पुढे येण्यासाठी माणसे शेजारच्या खळग्यांत पाय देऊन उभी राहिली, आणि काल बोट पारखून पाहणारे समुद्रफूल कोणाच्या तरी टाचेखाली गेले.

मग यादवशेठ आले. शेजारचे मोठे हॉटेल त्यांचे होते. पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि तिसऱ्या वाक्याला एक योजना, असा त्यांचा घाट होता.

"काय सुंदर आहे हो!" ते अगदी मनापासून म्हणाले. "माझ्या रिसेप्शनला काचेची टाकी आहे. मासे मेले तेव्हापासून रिकामीच पडलीय."

"कशानं मेले?" ललितने विचारले.

"तेच कळलं नाही ना." शेठ क्षणभर हळहळले. "उद्याच्या ओहोटीला याला उचलतो. वर फोकस लावतो. लोकांना एवढ्या खडकातनं यायला नको."

शेठ गेल्यावर आरोहीने बापाचा हात धरला. "बाबा, तो टाकीत मरेल ना?"

ललित मुलीशी खोटे बोलत नसे. "बहुधा," तो म्हणाला. दुपारच्या ताटात त्याच्यापुढे तळलेली सुरमई आली, आणि त्या "बहुधा"मुळे ती त्याला गिळवेना. ती साधनाने खाल्ली. पण खेकडा त्या टाकीत जाता कामा नये, यावर तिचेही दुमत नव्हते.

उरलेली दुपार ललितने सरकारी मार्गाने घालवली. ग्रामपंचायतीत एक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चहा मागवला.

"भरतीच्या रेषेच्या वर आमची हद्द. खाली आमची नाही."

"आणि रेषेवर?"

"रेषेवर सध्या वाद चालू आहे."

त्यांनी दिलेल्या पहिल्या क्रमांकावर बंदराशी संबंधित कोणी तरी होते. त्यांनी विचारले, खेकडा तरंगतो का? तरंगत नसेल तर त्यांच्याकडे त्याची नोंद होणे शक्य नव्हते. दुसऱ्या क्रमांकावर मासळीशी संबंधित साहेबांनी विचारले, खातात का त्याला? नाही म्हटल्यावर त्यांचा आवाजच उतरला. तिसरे साहेब वनांचे होते.

"झाडावर राहतो का?"

"पाण्यात राहतो."

"मग त्यात वन कुठं आलं?" साहेबांनी विचार केला. त्यांना खरोखर मदत करायची होती. "फुलं लावलीत म्हणता? मग असं करा, कृषी खात्याला विचारून पाहा."

दिवसातून दोनदा समुद्रातून बाहेर येणारी आणि दोनदा बुडणारी ती पट्टी, तिच्यातल्या समस्त प्रजेसह, कोणाच्याच कागदावर नव्हती. हे ज्ञान ललितला नवीन होते आणि त्याला त्यात काही आदरणीयही वाटले. पण उपयोग नव्हता. शेवटी त्याने स्वतःच शासन होण्याचे ठरवले. एका जाड कागदावर त्याने मार्कर पेनने सूचना लिहिली: "येथील प्राण्यास हात लावू नये. हा चमत्कार नाही. तपास चालू आहे. – ललित विधाते." नावाखाली त्याने "एम.एस्सी." असे लिहिले, मात्र विनयामुळे बारीक अक्षरांत. सूचना काठीला बांधली, काठी खळग्याच्या काठच्या फटीत ठोकली आणि तो चढत्या पाण्यापुढून मागे सरला. भरतीही ती सूचना वाचील अशी त्याची अपेक्षा नसावी. तरी पाणी काठीशी पोचेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळा गाव हजर होता. यादवशेठ बादली आणि दोन माणसे घेऊन आले होते. काठी जागेवर होती. तिच्यावरचा कागद नव्हता.

"थांबा," ललित म्हणाला आणि एका उंच खडकावर चढला. नाशिकच्या घाटावर निर्माल्याविषयी बोलताना तो असाच पायरीवर चढत असे. "कृपया ऐका. या खेकड्याला फुलं चिकटवलेली आहेत. चिकटवणारा माणूस आहे. या गावात मला झेंडूचं एकही रोप दिसलेलं नाही, म्हणजे फुलं बाहेरून आणलेली आहेत. आणि ज्याला या देखाव्याचा फायदा होणार आहे…" इथे त्याने यादवशेठांकडे पाहिले. नाव घेणे त्याने सभ्यपणे टाळले, पण बोट कोणाकडे आहे हे सगळ्यांना दिसत होते.

"मी?" यादवशेठांचा चेहरा लाल झाला. "मी खेकड्याला गोंद लावला? अहो मास्तर, माझ्या हॉटेलातल्या खोली नंबर चारचा आरसा गणपतीपासून निघून पडलाय, तो चिकटवायला मला वेळ नाही! मी इथं पाण्यात बसून खेकड्याच्या पाठीला पाकळ्या लावीन?"

"मग फुलं आणली कोणी?"

"म्या आणली," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. सगुणाबाई पदर खोचून, हातातल्या चपला सांभाळत खडकावरून पुढे आल्या.

"आई?"

"माझीच फुलं हायेत ती. आपल्या मळ्यातली. डब्यात वल्या फडक्यात बांधून आणली हुती."

"आई, आपलं काय ठरलं होतं? पाण्यात काही टाकायचं नाही."

"तुजं ठरलं हुतं. मला कुनी इचारलं?" सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "येवढा मोठा समिंदर. पयल्यांदा भेटाया आले. फुलवाल्याची बाई पाण्यापाशी मोकळ्या हातानं जाती व्हय? परवा तू ते भिंग घिऊन खडकाला चिकटला हुतास, तवा तुझ्या पाठीमागं हितंच सोडली."

"माझ्या पाठीमागं?"

"म्होरं सोडली असती तर सोडू दिली असतीस?"

गर्दीत कोणी तरी हसले. नदी-स्वच्छता समितीच्या सभासदाच्या घरातच, त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर, निर्माल्य विसर्जन झाले होते.

"निर्माल्य आहे ते, आई," तो क्षीणपणे म्हणाला.

"निर्माल्य कसलं? ताजी हुती." मग त्या यादवशेठांकडे वळल्या. "शेठ, पोराचं मनावर घिऊ नका. त्याला सगळ्यांचा संशय येतो. दूध घालणाऱ्याचाबी येतो. पर एक हाय, चिकटवली नाय म्या. निस्ती सोडली. डिंक नाय, काय नाय."

यादवशेठ शांत झाले. ललितने तोंड उघडले, ते माफी मागण्यासाठी असावे. पण तेवढ्यात आरोही खळग्याच्या काठावर पालथी पडून ओरडली, "बाबा! त्यानं तुझी डिग्री लावलीय!"

सगळे धावले. पुंजका एका कपारीतून बाहेर आला होता. पाकळ्या होत्याच, त्यांच्या मधोमध, डोक्याच्या जरा मागे, पांढऱ्या कागदाचा नखाएवढा तुकडा ऐटीत उभा होता, आणि त्यावर बारीक पण सुवाच्य अक्षरांत "एम.एस्सी." असे लिहिलेले होते.

"पास झाला वाटतं," सुलाबाई म्हणाल्या.

"एका रात्रीत!" गर्दीतून कोणी तरी दाद दिली. "आमच्या पोराला पाच वर्षं लागली."

"आता बोला मास्तर," यादवशेठ म्हणाले. "ही पदवीपण मीच चिकटवली?"

ललित खडकावरून खाली उतरला. वैज्ञानिक शिक्षणाचा एक मोठा फायदा असा, की आपले गृहीतक आपल्याच डोळ्यांदेखत बुडाले, तर बाकीच्यांच्या आधी ते आपल्याला कळते. "नाही," तो म्हणाला. "शेठ, मी चुकलो. मनापासून माफी मागतो."

यादवशेठ मोठ्या मनाचे होते, पण व्यापारी होते. "माफ केलं. पण मग हे लावलं कोणी, ते सांगा. पाणी चढायच्या आत सांगा. मला पटलं, तर माझी टाकी रिकामी राहील. नाही पटलं, तर ही बादली आहेच. लोकांना काही तरी बघायला मिळू दे."

ललित खळग्याच्या काठावर पालथा झाला. शर्ट पहिल्या मिनिटालाच भिजला. शंखशिंपल्यांचे कंगोरे पोटाला टोचू लागले आणि एक शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा त्याच्या कोपराला खडक समजून त्यावरून पलीकडे गेला. सगुणाबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली. साधनाने बँकेतला आवाज काढला: "पुढं येऊ नका. रांगेत थांबा. आपला नंबर आल्यावर दाखवलं जाईल." आणि त्या आवाजापुढे, जसे बँकेत होते तसे, सगळे निमूट रांगेत उभे राहिले.

खेकडा हलला नाही. तो न हलण्यात इतका वाकबगार होता, की ललितची नजर दोनदा त्याच्यावरून घसरून शेजारच्या दगडावर गेली आणि त्याला तो पुन्हा शोधावा लागला. ऊन चढले. रांग कंटाळून बसली. समुद्राचा आवाज जवळ येऊ लागला. पहिली पातळ लाट कातळाच्या दूरच्या टोकावरून आत शिरली, आणि यादवशेठांच्या माणसाने बादली उचलून हातात घेतली.

"आई, तुमच्याजवळ अजून एखादं फूल आहे?" ललितने हळूच विचारले. तो आईला एरवी "तू" म्हणत असे. संकटात मात्र त्याच्या तोंडून "तुम्ही" निघे.

सगुणाबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक फूल काढले. "टाकू का?" त्यांनी विचारले. "पाण्यात?"

"टाक," तो म्हणाला.

त्यांनी एक पाकळी खुडून पाण्यावर सोडली. ती जरा तरंगली, भिजली आणि डुलत डुलत खाली गेली. पुंजक्यातून एक बारीक, लांब नांगी बाहेर आली आणि तिने ती पाकळी चिमटीत धरली. ललितने भिंग पाण्याच्या इतके जवळ नेले, की त्याचे नाकही आत गेले. खेकड्याने पाकळीचे टोक तोंडाशी नेले आणि ते चावून चावून मऊ केले, जशी आपण सुईत ओवण्याआधी दोऱ्याची टोके ओठांत धरतो. मग नांगी डोक्यावरून मागे वाकवून ते टोक त्याने आपल्या पाठीवर घासले. ते बसले नाही. त्याने पाकळी काढली, पुन्हा चावली, जागा बदलून पुन्हा घासली. या खेपेला ती बसली. खेकड्याने तिला एक हलका हिसका देऊन पाहिला आणि मगच सोडली.

"कमाल आहे," ललित पाण्यातच म्हणाला. बुडबुडे आले. तो वर उठला. "शेठ! इकडं या. असे आडवे व्हा."

"माझी विजार…"

"आडवे व्हा हो!"

यादवशेठ पांढऱ्या विजारीसह आडवे झाले. ललितने त्यांच्या हातात भिंग दिले. सगुणाबाईंनी दुसरी पाकळी सोडली. शेठ भिंगाला डोळा लावून राहिले. दुसरी लाट कातळावरून येऊन त्यांच्या चपला घेऊन गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"हिसका देऊन बघतोय," शेठ कुजबुजले. "बसलीय का नाही, ते हिसका देऊन बघतोय. अहो, माझ्याकडं लग्नाचं डेकोरेशन करतो तो काळू, त्याची कमान नवरदेवावर पडली. त्याला आणा रे इथं! म्हणावं, बघ जरा."

"पटलं का?" आरोहीने विचारले.

"पोरी, याला टाकीत कुठं घालू? याला तर मी कामाला ठेवला असता." ते उठले, ओल्या कपड्यांनी रांगेकडे वळले आणि लग्नघरातल्या यजमानासारखे म्हणाले, "या, एकेक जण या. पण त्या बाजूनं. बाकीच्या पाण्यात पाय देऊ नका, तिथंही कोणी तरी राहत असेल."

माणसे एकेक करून आली, आडवी झाली आणि चमत्कार पाहताना बोलत होती त्यापेक्षा बरीच हळू बोलत परत गेली. नोकरीविषयी विचारणारे गृहस्थ सर्वांत जास्त वेळ आडवे राहिले. नारळ सुलाबाईंनी परत नेला.

सगुणाबाई मात्र उठल्या नाहीत. "एक इचारू?" त्या म्हणाल्या. "हा हितलाच. मग आजवर काय लावीत हुता? समिंदरात झेंडू कुठून यायचा?"

हा प्रश्न ललितने स्वतःला विचारलेला नव्हता. तो उठला आणि आरोहीला घेऊन आजूबाजूचे खळगे पाहू लागला. आता कुठे पाहायचे ते डोळ्यांना कळले होते. पुढच्याच खळग्यात शेवाळाने झाकलेला एक दगड त्यांच्या सावलीपासून दूर सरकला. त्याच्या पुढच्यात तसले दोन होते. सगळ्यांच्या पाठीवर हिरवे, तपकिरी शेवाळ दाटीने लावलेले होते, आणि सगळे खळगे त्याच शेवाळाने भरलेले होते. शेवाळ नव्हते ते फक्त एका खळग्यात. तिथले पाणी तेवढे काचेसारखे नितळ होते आणि तळाचा खडक घासल्यासारखा स्वच्छ होता.

ललित त्या स्वच्छ खळग्यापाशी परत येऊन उभा राहिला. मग त्याने यादवशेठांच्या माणसाकडून बादली मागून घेतली, शेजारच्या खळग्यांतून मूठमूठ शेवाळ गोळा केले आणि चढत्या पाण्यात गुडघाभर उभे राहून ते तिथे सोडून दिले. साधना काठावरून विचारत होती, "अहो, हे काय चाललंय?" त्याने परत आल्यावर सांगितले. कारण असे होते.

त्या जातीच्या खेकड्याच्या पाठीवर आकड्यांसारखे वाकलेले बारीक केस असतात. शिकाऱ्यांना दिसू नये म्हणून तो भोवती मिळेल ते कुरतडून त्या केसांत अडकवून ठेवतो. एरवी भोवती शेवाळ मिळते. ललितने पहिल्या दिवशी सकाळी आतले नीट दिसावे म्हणून तो खळगा साफ केला होता. बाह्या सरसावून, गोदावरीतल्या पाणवेली काढतात तसे, त्याने सगळे शेवाळ उपसून कातळावर टाकले होते, आणि खेकड्याच्या पाठीवरचेही त्यात गेले होते. त्यानंतर त्या खळग्यात झेंडूखेरीज पांघरण्यासारखे काहीच उरले नव्हते.